विश्लेषण : घोणशीच्या नावात ‘रसेल’ कुठून आला? सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या सर्पचित्रांमागचा डॉक्टर

पावसाळा सुरू झाला की गोंडपिपरी तालुक्यात धानाच्या बांध्यांपासून कपाशीच्या तासांपर्यंत सापांची भीती जागी होते. दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो साप कोणता होता, हा. या प्रश्नाचे उत्तर चित्रांच्या मदतीने देण्याचा भारतातला पहिला मोठा प्रयत्न एका स्कॉटिश डॉक्टरने केला. त्यांचे नाव पॅट्रिक रसेल. घोणशीचे इंग्रजी नाव ‘रसेल्स व्हायपर’ आणि शास्त्रीय नाव ‘डबोइया रसेली’ ही दोन्ही त्यांच्यावरूनच पडली. त्यांच्या ग्रंथातली सर्पचित्रे आज जुन्या छापील चित्रांच्या बाजारात संग्राहक शोधत असतात. मात्र ती भिंतीवर लावण्यासाठी काढली नव्हती. ती माणसे वाचवण्यासाठी होती. हा प्रयत्न कुठे यशस्वी झाला आणि कुठे अडला, हे समजून घेतले तर आजच्या सर्पदंशाच्या उपचारातल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

पॅट्रिक रसेल कोण होते?

रसेल यांचा जन्म १७२६-२७ च्या हिवाळ्यात एडिंबरो येथे एका वकिलाच्या घरी झाला. एडिंबरोत वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १७५० मध्ये त्यांनी अ‍ॅबरडीनहून पदवी मिळवली. त्याच वर्षी ते आजच्या सीरियातल्या अलेप्पो शहरात गेले. तेथे त्यांचे सावत्र भाऊ अलेक्झांडर रसेल हे इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेव्हान्ट कंपनीचे डॉक्टर होते. अलेक्झांडर १७५३ मध्ये मायदेशी परतले आणि पुढे ती जागा पॅट्रिक यांनी सांभाळली. ते सुमारे दोन दशके अलेप्पोत राहिले. अरबी शिकले आणि स्थानिक लोकांमध्ये मिसळले. तिथल्या पाशाने त्यांना पगडी घालण्याचा मान दिला होता.

१७६० ते १७६२ या काळात अलेप्पोत प्लेगची साथ आली. अनेक युरोपीय व्यापाऱ्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. रसेल मात्र खबरदारी घेऊन रुग्णांना सल्ला देत राहिले आणि प्रत्येक रुग्णाच्या नोंदी ठेवत गेले. या नोंदींवर आधारलेला त्यांचा प्लेगवरील ग्रंथ १७९१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. साथीच्या काळात विलगीकरण कसे असावे, याची चर्चा त्यात आहे. आजार पाहायचा, लिहून ठेवायचा, ऐकीव गोष्ट पारखून घ्यायची, ही त्यांची सवय अलेप्पोत पक्की झाली. पुढे सापांबाबत तीच कामी आली.

ते भारतात कसे आले?

१७७२ मध्ये रसेल इंग्लंडला परतले आणि लंडनमध्ये वैद्यकी करू लागले. १७७७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. खरे तर येथेच त्यांचे आयुष्य स्थिरावायचे. पण धाकटे भाऊ क्लॉड रसेल यांची ईस्ट इंडिया कंपनीने विशाखापट्टणम येथे नेमणूक केली. कुटुंबाची सोबत म्हणून १७८१ मध्ये पॅट्रिक भारताच्या वाटेला लागले. तेव्हा त्यांचे वय ५४ होते.

विशाखापट्टणमला आल्यावर त्यांनी परिसरातल्या वनस्पती, मासे आणि साप गोळा करायला सुरुवात केली. कंपनीसाठी मद्रास इलाख्यात काम करणारे निसर्गतज्ज्ञ योहान ग्येरहार्ड क्योनिग १७८५ मध्ये वारले. त्यांच्या जागी कंपनीने रसेल यांना नेमले. काम वनस्पतींचे होते. कोणत्या झाडापासून औषध मिळते, कोणत्यापासून रंग, कोणत्यापासून धागा, यावर कंपनीचे लक्ष होते. उपयुक्त वनस्पतींचा सचित्र ग्रंथ काढावा, ही सूचना रसेल यांनीच केली. ती पुढे विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या रूपाने उतरली. रसेल यांचे स्वतःचे नाव मात्र सापांशी जोडले गेले.

सापांकडे लक्ष का वळले?

कारण व्यवहारातले होते. कंपनीचे शिपाई, हमाल, शेतकरी आणि गावकरी सापाच्या दंशाने मरत होते. उपचार करणाऱ्याला साप विषारी होता की बिनविषारी हेच कळत नव्हते. प्रत्येक गावात सापाला वेगळे नाव आणि त्याच्याविषयी वेगळी समजूत होती. त्यामुळे बिनविषारी साप मारले जात आणि विषारी सापाच्या दंशाकडे काही वेळा दुर्लक्ष होई.

रसेल यांनी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना कळवून साप आणि दंशाच्या घटनांची माहिती मागवली. १७८७ मध्ये मद्रास सरकारने त्यांचे एक टिपण छापून वाटले. विषारी साप ओळखता यावेत आणि लोकांनी नमुने पाठवावेत, हा त्याचा हेतू होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ती सर्पदंशाबाबतची एक सरकारी जनजागृती मोहीमच होती.

विषारी साप ओळखण्याची सोपी खूण सापडली का?

नाही. रसेल यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित हीच आहे.

सामान्य माणसाला लांबून पाहून कळेल अशी एखादी बाहेरची खूण ते शोधत होते. डोके त्रिकोणी आहे का? शेपूट आखूड आहे का? अंगावर ठिपके आहेत का? स्वीडनचे लिनियस यांनी पोटाखालचे आणि शेपटीखालचे खवले मोजून साप ओळखण्याची पद्धत रूढ केली होती. रसेल यांनीही प्रत्येक सापाचे खवले मोजले. पण विषारी आणि बिनविषारी यांना वेगळे करणारी एकच एक बाह्य खूण त्यांना मिळाली नाही. खात्रीची गोष्ट होती ती तोंडातले विषदंत. ते पाहायचे तर साप हातात घ्यावा लागतो, आणि तेच टाळायचे असते.

हा निष्कर्ष आजही लागू आहे. घोणशीचे डोके त्रिकोणी असते, पण नाग आणि मण्यार यांचे नसते. अजगराच्या पिल्लाला किंवा दुरक्या घोणशीला घोणस समजले जाते. ही चूक उलटी झाली तर जीवघेणी ठरते. बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, तर कवड्याचे मानेकडे ठळक असतात. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत हा फरक कोण पाहणार?

मग चित्रांचा उपयोग काय?

एक खूण पुरत नसेल तर संपूर्ण साप दाखवला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पाठीवरची नक्षी, डोक्यावरचे खवले, पोटाचा रंग, शेपटीचा आकार असे सगळे एकत्र दिसले तर ओळख पटण्याची शक्यता वाढते. विशाखापट्टणममध्ये रसेल यांनी भारतीय चित्रकारांकडून नमुन्यांची चित्रे काढून घेतली. सापाचा रंग मेल्यावर लवकर उतरतो आणि स्पिरिटमध्ये ठेवल्यावर आणखी बदलतो. म्हणून ताज्या नमुन्यावरून काढलेल्या चित्राला मोल होते.

१७८९ मध्ये रसेल इंग्लंडला परतले. सापांचा संग्रह त्यांनी मद्रासमध्ये कंपनीकडे ठेवला. चित्रे आणि टिपणे सोबत नेली. कोरोमंडल किनाऱ्यावरील भारतीय सापांचा त्यांचा मोठ्या आकाराचा ग्रंथ कंपनीच्या संचालकांच्या आदेशाने १७९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ४० हून अधिक चित्रपत्रे होती. दुसरा खंड १८०१ पासून भागाभागाने निघत गेला.

तेव्हा छायाचित्र नव्हते आणि रंगीत छपाईही सर्रास होत नव्हती. मूळ चित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरल्या जात. कोरलेल्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाब दिला की काळी आकृती उमटे. मग रंगारी प्रत्येक प्रतीवर हाताने जलरंग भरत. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत रंगाची छटा थोडी वेगळी दिसू शकते. ग्रंथ महाग असल्याने त्याच्या प्रती मोजक्याच निघाल्या. पुढच्या काळात अशा ग्रंथांची पाने सुटी करून विकण्याचा धंदा वाढला. आज चौकटीत बसवून विकली जाणारी अनेक जुनी सर्पचित्रे मुळात अशाच एखाद्या पुस्तकाची पाने असतात. ग्रंथाच्या डिजिटल प्रतीमुळे आता ती चित्रे मोबाइलवरही पाहता येतात.

गोंडपिपरीशी याचा संबंध काय?

रसेल गोंडपिपरीला आले नव्हते. पण त्यांच्या ग्रंथातली नावे या तालुक्यातल्या अनेकांना ओळखीची वाटतील. त्यांनी बहुतेक सापांना लॅटिन नावे दिलीच नाहीत. लोक ज्या नावाने साप ओळखत, तेच नाव त्यांनी चित्राखाली लिहिले, आणि त्यातली बरीच नावे तेलुगू होती. वर्धा नदीच्या पलीकडे तेलंगणा सुरू होतो. गोंडपिपरी, राजुरा, सिरोंचा या पट्ट्यात तेलुगू बोलणारी आणि समजणारी घरे भरपूर आहेत. वर्धा आणि वैनगंगा याच भागात एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी पुढे रसेल यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावर समुद्राला जाते.

घोणशीसाठी रसेल यांनी नोंदवलेले नाव होते ‘काटुक रेकुल पोडा’. तेलुगूत काटुक म्हणजे काजळ, रेकु म्हणजे पाकळी आणि पोडा म्हणजे ठिपका. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांचे लंबगोल डाग साखळीसारखे ओळीने असतात. त्यांना काजळाच्या पाकळ्या म्हणणाऱ्या लोकांची नजर किती बारीक होती, हे त्या नावातच दिसते.

दुसरे नाव ‘बंगारम पामा’. बंगारु म्हणजे सोने आणि पामु म्हणजे साप. काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचा हा साप म्हणजे पट्टेरी मण्यार. रसेल यांच्या चित्रावरून आणि वर्णनावरून जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. मण्यारींच्या संपूर्ण वंशाला आज ‘बंगारस’ म्हणतात, ते याच तेलुगू शब्दावरून. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात न दिसणारा हा साप चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आढळतो. जगभरच्या प्रयोगशाळा मण्यारीला ज्या नावाने ओळखतात, तो शब्द गोंडपिपरीच्या बाजारात सोन्याच्या दुकानासमोरही ऐकू येऊ शकतो.

घोणशीला रसेल यांचे नाव कोणी दिले?

त्यांनी स्वतः दिले नाही. ग्रंथ निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७९७ मध्ये, इंग्रज निसर्गतज्ज्ञ जॉर्ज शॉ यांनी चित्रकार फ्रेडरिक नॉडर यांच्यासोबतच्या मालिकेत या सापाचे वर्णन केले आणि रसेल यांच्या सन्मानार्थ नाव ठेवले. त्यातला ‘डबोइया’ हा भाग हिंदीतल्या दबणे, लपून बसणे या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. घोणस पळून न जाता पालापाचोळ्यात दबून राहते आणि जवळ गेल्यावर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. विदर्भात काही ठिकाणी तिला परड म्हणतात.

रसेल यांनी विषाचे प्रयोग केले का?

केले. कोंबड्या आणि कुत्रे यांना सापाचा दंश घडवून किती वेळात कोणती लक्षणे दिसतात, मृत्यू केव्हा येतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. आज असे प्रयोग नियमांच्या चौकटीशिवाय करता येत नाहीत, आणि ती वर्णने वाचताना अस्वस्थ व्हायला होते. पण नागाच्या खालोखाल घोणशीचे विष घातक आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. या सापाच्या धोक्याची अशी पद्धतशीर नोंद त्याआधी झालेली नव्हती.

त्यांनी औषधेही तपासली. त्या काळी दक्षिणेत तंजावरच्या गोळ्या सर्पदंशावर रामबाण समजल्या जात. त्यांत सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असे. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्या गोळ्यांचा भरवशाचा गुण त्यांना दिसला नाही. अशा औषधांचा बोलबाला का होतो, याचे कारण साधे आहे. बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. असा माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय गोळीला, मुळीला किंवा मंत्राला मिळते. जो वाचत नाही, त्याची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

इंग्लंडमध्ये परतल्यावरही रसेल थांबले नाहीत. १७९४ मध्ये त्यांनी भाऊ अलेक्झांडर यांच्या अलेप्पोवरील ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली. १८०३ मध्ये विशाखापट्टणमच्या २०० माशांवरचा सचित्र ग्रंथ आला. १८०४ मध्ये नाग फणा कसा उभारतो, यावरचा त्यांचा लेख रॉयल सोसायटीने छापला. त्याला शल्यविशारद एव्हरार्ड होम यांच्या शरीररचनेच्या निरीक्षणांची जोड होती. रसेल अविवाहित होते. २ जुलै १८०५ रोजी, अवघ्या तीन दिवसांच्या आजारानंतर, वयाच्या ७८ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सापांवरील ग्रंथाचे उरलेले भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

पुढे चित्रांची परंपरा कुठे गेली?

१८७२ मध्ये जोसेफ फेरर यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा ग्रंथ आला. त्याची रंगीत शिळाछापाची चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकलेल्या अन्नदाप्रसाद बागची यांच्यासारख्या भारतीय चित्रकारांनी काढली होती. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक वॉल यांची सापांवरची सचित्र लेखमाला आली आणि ती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतील पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले. आज सर्पमित्रांच्या तक्त्यांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंमध्ये आपण जे पाहतो, ती याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

रसेल यांना न सापडलेले औषध कधी मिळाले?

त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे ९० वर्षांनी. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषाविरुद्धचा पहिला रक्तद्रव तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा वाढवत वाढवत देतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात. ते वेगळे करून प्रतिसर्पविष बनते. महाराष्ट्रात हे काम हाफकिनच्या नावाशी जोडलेले आहे. १८९९ मध्ये परळला सुरू झालेली ही संस्था मुळात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा होती. प्लेग आणि साप या रसेल यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी मुंबईत अशा एका छताखाली आल्या.

घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. त्याच गुणाचा पुढे औषध म्हणून उपयोग झाला. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा वाहता रक्तस्राव थांबवण्यासाठी हे विष अतिशय पातळ करून वापरले. रक्ताच्या काही विकारांच्या निदानासाठी आजही प्रयोगशाळेत घोणशीच्या विषावर आधारित चाचणी केली जाते. तिच्या नावातही रसेल आहेत.

आज प्रश्न कुठे अडतो?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि पावसाळ्यातले आहेत. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

भारतातले प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. त्यासाठीचे बरेचसे विष तामिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे एका भागातल्या विषावर बनलेले औषध दुसऱ्या भागात कमी पडू शकते. शिवाय रसेल यांच्या ग्रंथातली ती सोनेरी पट्टेरी मण्यार या चार सापांत नाही. जंगलपट्ट्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

साप ओळखता आलाच पाहिजे का?

रसेल यांनी ज्यासाठी आयुष्यातली वर्षे घालवली, त्यावर आजचे वैद्यक थोडे वेगळे उत्तर देते. ओळख पटली तर चांगलेच. पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. डॉक्टर लक्षणे पाहतात. पापण्या जड होणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे ही नाग आणि मण्यारीच्या विषाची लक्षणे. मण्यार रात्री झोपेत चावते, दंशाची खूणही धड दिसत नाही आणि पोटदुखीने सुरुवात होऊ शकते. मोठी सूज, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त ही घोणस आणि फुरशाची लक्षणे. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर रक्त बिघडवणारे विष अंगात गेले आहे, हे कळते. या चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

म्हणून साप पकडायला किंवा मारायला मागे धावू नये. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर वेळ दवडू नये. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर स्थिर ठेवतो तसा ठेवावा. अंगठी, जोडवी, कडे काढावे. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. मांत्रिकाकडे न थांबता जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. रात्री शेतावर जाताना बूट, काठी आणि बॅटरी, तर झोपताना खाट आणि मच्छरदाणी असावी.

रसेल यांच्याकडे चित्र होते, औषध नव्हते. आज औषध तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचले आहे. रुग्ण तेथे किती लवकर पोहोचतो, यावर आता बहुतेक गोष्टी अवलंबून आहेत.